कुंपण नसलेल्या झाडाची फळे

शंख आणि लिखित हे दोघे भाऊ बाहुदा नदीकाठी वेगवेगळ्या आश्रमांत राहत. एकदा लिखित भावाकडे गेला, तेव्हा शंख आश्रमात नव्हता. झाडांना पिकलेली फळे लगडली होती. लिखिताने ती तोडली आणि निवांत खात बसला. शंखाने परतल्यावर विचारले, फळे कुठून आणलीस? लिखित हसून म्हणाला, इथलीच तर आहेत. शंखाने ही चोरी ठरवली आणि भावाला राजाकडे जाऊन शिक्षा मागायला सांगितले. राजा सुद्युम्न त्याला माफ करायला तयार होता, पण लिखित ऐकेना. अखेर त्याचे दोन्ही हात तोडले गेले. पुढे नदीत उतरल्यावर ते परत आले, एवढा दिलासा महाभारताच्या शांतिपर्वाने दिला आहे.

शेजाऱ्याचे बिनपासवर्डचे वायफाय वापरणाराही हेच म्हणतो: इथलेच तर आहे. सिग्नल भिंत ओलांडून त्याच्या घरात येतो, फोन ते नाव आपणहून यादीत दाखवतो, आणि शेजाऱ्याचे महिन्याचे बिल ठरलेले असते. मग यात कुणाचे काय गेले? आणि काहीच गेले नसेल, तर कायद्याने यात पडावे का?

काही देशांचा कायदा यात पडला आहे. 2007 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, स्पार्टा नावाच्या गावी, एक माणूस जेवणाच्या सुट्टीत एका कॅफेबाहेर गाडी लावून तिथल्या वायफायवर ईमेल वाचत असे. कॅफेच्या मालकिणीची काहीच तक्रार नव्हती. तरीही त्याला 400 डॉलर दंड आणि 40 तासांची समाजसेवा भोगावी लागली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43 मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरण्याला मनाई करते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या प्रश्नावरची सगळ्यात नेमकी चर्चा मात्र राउटरच्या दोन हजार वर्षे आधी होऊन गेली आहे. गौतम धर्मसूत्र गाईसाठी गवत, अग्नीसाठी लाकूड आणि फुले दुसऱ्याची असली तरी घेऊ देते. फळेही घेऊ देते, पण कुंपण नसलेल्या झाडांचीच. आपस्तंब धर्मसूत्रात तर आचार्यांचा वादच नोंदवला आहे. कौत्स, हारीत, कण्व आणि पुष्करसादी म्हणतात, दुसऱ्याच्या वस्तूवर कशीही नजर ठेवली तरी माणूस चोरच. वार्ष्यायणींना हे मान्य नाही. शेंगा किंवा बैलापुरता चारा घेतला, तर कोणताही मालक हरकत घेत नाही. फार जास्त घेणे मात्र दोषाचे. त्यावर हारीतांचे म्हणणे असे, की काहीही असो, आधी विचारा.

या वादात वायफायचा सगळा प्रश्न आला आहे. एखाद्याने रेल्वेचे तिकीट पाहिले, तर ती वार्ष्यायणींची शेंग. रात्रभर सिनेमे उतरवून घेतले आणि त्या घरातल्या मुलीचा ऑनलाइन वर्ग अडकला, तर ते फार जास्त घेणे.

ज्यूंच्या तालमूदमध्येही हा पेच येतो: कुणी दुसऱ्याच्या रिकाम्या वाड्यात मालकाला न कळवता राहिला, तर त्याने भाडे द्यावे का? वाडा भाड्याने द्यायचा नसेल आणि राहणाराही एरवी भाड्याने राहणारा नसेल, तर द्यायची गरज नाही, असा तिथला कौल आहे. बौद्ध पंचशीलाची कसोटी याहून कडक आहे. महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये नित्य म्हटले जाणारे दुसरे शील मालकाचे नुकसान मोजत बसत नाही. वस्तू दिली गेली होती का, एवढेच विचारते.

आणि नुकसान होत नाही, हे तरी खरे का? 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटपर्यंत पोहोचला. त्याचे वायफाय उघडे होते आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते. त्याच्यामागे मात्र चौकशीचा ससेमिरा लागला. जे काही त्या जोडणीवरून जाते, ते मालकाच्या नावावर जाते. ही किंमत महिन्याच्या बिलात दिसत नाही.

तरीही नुसत्या वापराला तुरुंग नको. कॅफे मुद्दाम वायफाय उघडे ठेवते आणि आजोबांना पासवर्ड लावता येत नाही म्हणून त्यांचेही उघडे राहते. बाहेरच्या फोनला दोन्ही सारखीच दिसतात. हा फरक ओळखण्याचे काम फौजदाराकडे दिले, तर पहिला सापडेल तो एखादा विद्यार्थी. कायद्याने हात घालावा तो पासवर्ड फोडणाऱ्यावर, दुसऱ्याचे संदेश चोरून वाचणाऱ्यावर, त्या आडून गुन्हा करणाऱ्यावर. बाकीच्यांना हारीतांचा नियम पुरेसा आहे, आणि तो पाळणे अजिबात अवघड नाही. शेजारचे दार वाजवून "काकू, आज आमचं नेट बंद आहे, तासभर तुमचं वापरू का?" एवढेच विचारायचे. काकूंनीही आपल्या वायफायला आजच पासवर्ड लावावा, आणि विचारायला आलेल्याला तो सांगावा.