ओके म्हणजे पोच की मंजुरी?

भाषाशुद्धीवाले एक स्नेही परवा म्हणाले, ‘‘ओके हा आळशी माणसांचा शब्द. आपला ‘ठीक’ काय मेला होता?’’ मला पटेना. आळशी कसला? राब राब राबतो बिचारा. सिनेमा ‘ओके’ म्हणजे सुमार. पडलेल्या पोराला ‘ओके ना?’ म्हणजे लागलं नाही ना; मास्तरांचा खणखणीत ‘ओके!’ म्हणजे गप्प बसा. आणि फोनवरचे लागोपाठ तीन ‘ओके’ म्हणजे आता सोडा की! (पहिल्या दोन जागी ‘ठीक’ही चालला असता, हे मी त्यांना सांगितलं नाही.)

जन्म तर निव्वळ थट्टेतला. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगनं लिहून त्याची आद्याक्षरं ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’नं 23 मार्च 1839 रोजी छापली. असल्या संक्षेपांचं तेव्हा वेडच होतं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत किंडरहूक गावच्या मार्टिन व्हॅन ब्युरेनच्या प्रचारकांनी ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून तीच अक्षरं उचलली. व्हॅन ब्युरेन पडला. शब्द निवडून आला.

इथवर माझी वकिली जोरात होती. मग टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात आठवला. 27 मार्च 1977, धावपट्टीवर धुकं. केएलएमच्या वैमानिकानं उड्डाणाचं काहीसं संदिग्ध सांगितलं. टॉवर म्हणाला, ‘ओके’, आणि क्षणभरानं, थांबा, मी बोलावतो. नेमकं तेव्हाच पॅन ॲमचं विमानही रेडिओवर बोललं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ पोचला तो ‘ओके’. पुढचं कर्कश शिट्टीत बुडालं. पॅन ॲम अजून धावपट्टीवरच होतं. दोन्ही विमानं धडकली, 583 माणसं गेली. केएलएमची धाव आधीच सुरू झाली होती, कारणंही अनेक होती. सगळं खापर दोन अक्षरांवर फोडता येणार नाही. पण टॉवरनं दिली होती ती पोच, मंजुरी नव्हे. रजिस्टर पत्र सही करून घेणाऱ्याला मजकूर मान्य असतोच असं थोडंच आहे? वैमानिकांकडे दोन्हींना वेगळे शब्द आहेत: ऐकलं तर ‘रॉजर’, ऐकलं आणि तसं करतो तर ‘विल्को’. शिवाय मिळालेली परवानगी उलट वाचून दाखवावी लागते.

तेव्हा गप्पांत ओके खुशाल नांदो. परवानगीच्या जागी मला तो आता नको. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर धोके सांगतात आणि घाबरलेले नातेवाईक ‘ओके डॉक्टर, ओके’ म्हणत सही करतात. तिथे काय समजलं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं. स्नेह्यांचा ‘ठीक’ आणून हे साधणार नाही. ‘ठीक आहे डॉक्टर’ म्हणणाऱ्यालाही काय कळलंय, कुणास ठाऊक.