वनमालेचे प्रेम
सयाजीराव महाराजांनी गंधर्व नाटक मंडळीला आश्रय दिला, त्यामुळे खाडिलकरांची भामिनी आम्हां बडोदेकरांना घरचीच. 'मानापमान'मध्ये (१९११) गरीब म्हणून धैर्यधराला नाकारणारी ही धनिककन्या पुढे वनमाला बनून त्याच्या सहवासात येते. मग तिचे प्रेम खरे की सोंग? आम्हांला ते खरेच वाटते. संपत्तीचा पडदा सरल्यावर तिला प्रथमच माणूस दिसला. सोंग अधिक होते ते पहिल्या नकारात. परंतु प्रेम खरे म्हणून वर्तन निर्दोष ठरते काय? भामिनीने केलेला अपमान त्याला सलत होता, हे ती जाणत होती. आणि त्याने हृदय दिले ते वनमालेला. नाव सांगण्यास तिने जितका विलंब लावला, तितका काळ त्याचा निवडीचा हक्क तिने स्वतःपाशीच ठेवला. बालगंधर्वांच्या सुरांपुढे हा हिशेब कोण मांडणार, ही गोष्ट निराळी!