वारसा आणि वारस

पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम शहरात लीहाय नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे भूतकाळ उभे आहेत. उत्तरेला मोरेव्हियन पंथीयांनी १७४१ साली वसवलेलं जुनं गाव आहे: मेन स्ट्रीट, दगडी इमारती, खाली ओढ्याकाठी १७६२ सालचं पाणी उपसण्याचं केंद्र. दक्षिणेला बेथलेहेम स्टीलच्या पाच झोतभट्ट्या आहेत. या कंपनीच्या तुळयांवर अमेरिकेतल्या कितीतरी उंच इमारती आणि गोल्डन गेट पूल उभे राहिले. १९९५मध्ये इथलं पोलाद बनणं थांबलं आणि २००१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

मी मेन स्ट्रीटवरून फिरून पुलावरून पलीकडे गेलो. पूर्वी ज्या उंच रुळांवरून भट्ट्यांकडे लोहखनिज आणि कोक जायचा, तिथे आता पायवाट आहे. भट्ट्यांच्या पायथ्याशी संगीताचे कार्यक्रम होतात, शेजारी कॅसिनो आहे. गंजलेलं लोखंड रात्री रंगीत दिव्यांत न्हाऊन निघतं आणि खरोखर सुंदर दिसतं. प्रश्न या सौंदर्याचाच आहे. ते पाहून आनंद होणं योग्य आहे का?

उत्तर काठावर हा प्रश्न पडत नाही. तिथल्या चामडं कमावण्याच्या जागेचंही काम कधीच बंद पडलं, पण त्याबद्दल कुणाला हळहळ वाटत नाही. का? इतकी वर्षं उलटली म्हणून? मला वाटतं, कारण तिथे आज कुणाचं देणं बाकी नाही. दक्षिण काठावर ते होतं. २००२च्या अखेरीस कंपनीची पेन्शन योजना सरकारी विमा महामंडळाने ताब्यात घेतली. त्या योजनेत सुमारे ९५ हजार कामगार आणि निवृत्त लोक होते. कायद्याच्या मर्यादेत पेन्शन मिळत राहिली, पण निवृत्तांचा आरोग्य विमा २००३मध्ये गेला. हा विमा काही बक्षीस नव्हता. तो मागे ठेवलेला पगार होता. भट्टीसमोरचं काम आधी करून झालं होतं, मोबदल्याचा एक भाग म्हातारपणी मिळायचा होता.

यावर सरळ युक्तिवाद असा: वचन कंपनीने मोडलं, शहराने नाही. भट्ट्या पाडल्या असत्या तर कुणाचा विमा परत आला असता? उलट त्या राहिल्या म्हणून आठवण तरी राहिली. हे खरं आहे. तिकीट काढून गाणं ऐकायला येणारा माणूस गुन्हेगार नाही.

पण मराठीत आपण अशा जागांना 'वारसा' म्हणतो, आणि त्या शब्दात 'वारस' आहे. वडिलांचं घर घेतलं की त्यावरचं कर्जही आपल्याकडे येतं. भिंती माझ्या आणि कर्ज परक्याचं, असं म्हणता येत नाही. मुंबईत हे जास्त स्पष्ट दिसतं. फिनिक्स मिलची चिमणी मॉलमध्ये जपून ठेवली आहे, आणि त्याच शहरात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस अजून घरांच्या सोडतीची वाट पाहत आहेत. चिमणी सगळ्यांची झाली, वाट पाहणं मात्र त्यांच्याच वाट्याला आलं.

म्हणून मला वाटतं, आनंद घ्यावा, पण हिशेबासकट. बेथलेहेमच्या त्या पायवाटेवर भट्टी कशी चालायची हे सांगणारे फलक आहेत. तितक्याच ठळक अक्षरांत आणखी एक फलक हवा: इथे काम करणाऱ्यांना काय कबूल केलं होतं, त्यातलं किती मिळालं आणि उरलेलं कुणी बुडवलं. त्याने कुणाचं औषधपाणी होणार नाही. पण देणं फेडता येत नसेल, तरी ते नव्हतंच असं म्हणण्याचा अधिकार वारसाला मिळत नाही. आणि आज जिथे कारखाने बंद होत आहेत, तिथे इमारतीचं काय करायचं यावर बैठका भरण्याआधी माणसांचं काय देणं आहे, हे विचारायची सवय तरी त्यातून लागेल.