घाणा कोणाचा?

नवऱ्याचे पणजोबा १९०६ साली हॅम्बुर्गहून न्यूयॉर्कला उतरले. जहाजाच्या प्रवासीयादीत त्यांची ओळ सापडली: धंदा शिंपी, प्रांत मिन्स्क, वंश ‘हिब्रू’, जवळ नऊ डॉलर, उतरणार मेहुण्याकडे. पुढच्या रकान्यांत एकाहून जास्त बायका आहेत का, अराजकवादी आहात का, असलेही प्रश्न. दोन्हींना ‘नाही’. घरात मात्र पक्की समजूत, की एलिस बेटावर उतरणाऱ्यांची तपासणी करणाऱ्या कारकुनानं आमचं आडनाव कापलं. तो बिचारा जहाजाबरोबर आलेल्या यादीवर नुसत्या खुणा करायचा. आडनाव कापलं ते पणजोबांनीच, सात वर्षांनी, नागरिकत्वाच्या अर्जावर. हे सांगितल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

ते गाव सोडून का निघाले, याला फार शोध लागत नाही. रशियन साम्राज्याच्या १८८२च्या कायद्यांनी ज्यूंना खेड्यांत नव्यानं राहायला बंदी केली होती. १९०५च्या ऑक्टोबरात शेकडो ठिकाणी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांच्या आसपास ज्यू अमेरिकेला आले. पणजोबा त्यांतले एक.

मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. सासूबाई सांगतात, पणजोबा शनिवारी पहाटे सिनेगॉगमध्ये प्रार्थना करायचे आणि तिथून थेट शिलाईच्या कारखान्यात जायचे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीला, वर्ज्य अशी एकोणचाळीस कामं मिश्ना या धर्मग्रंथात मोजून दिली आहेत, त्यात शिवण आहेच, तेही मापासकट: दोन टाके. पणजोबा दिवसभरात किती टाके घालत असतील? कारखाना बंद रविवारी. शनिवारी न येणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस दारातच उभा.

स्लुत्स्कचे राब्बी याकोव दाविद विलोव्स्की १९०० साली न्यूयॉर्कच्या सभेत म्हणाले होते, की अमेरिकेला येणारा ज्यू पापीच. इथे धर्म पायदळी तुडवला जातो. राब्बींना उगाच कठोर म्हणू नये. त्यांना दिसत होतं ते खरंच होतं.

पण मी अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू. आमच्या लोकांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले, असं आम्ही सांगतो. उरलं काय? सुंता, शेमा ही प्रार्थना आणि शनिवार. मिश्ना आम्हांला ठाऊकही नव्हती. लग्न होऊन इथे आले तेव्हा एका नातेवाइकानं मला हळूच विचारलं होतं, तुम्ही खऱ्या ज्यू ना? तेव्हा याच शनिवाराचा मला भारी अभिमान वाटला होता. ज्यांच्याकडे सगळे ग्रंथ, त्यांनी शनिवार घालवला आणि आम्ही तो राखला!

जहाजाची ती यादी पाहिल्यापासून तो अभिमान जरा सैल झाला आहे. आमच्याकडे घाणा स्वतःचा होता. बैल सोडला, संपलं. गावानं एक नाव ठेवलं आणि शनिवारचं तेल रविवारी नेलं. मिन्स्ककडच्या गावात तर शनिवारी अख्खा ज्यू बाजारच बंद असे, म्हणजे शब्बाथ पाळायला तिथे वेगळं धैर्य लागतच नव्हतं. तो पाळणारा माणूस होता की गाव? न्यूयॉर्कला गाव सुटलं आणि मशीन दुसऱ्याचं. पणजोबांच्या हाती उरली फक्त पहाट. तेवढी त्यांनी पाळली.

याला ढोंग म्हणणारे घरातच आहेत. नवरा त्यांपैकी एक. मला ते पटत नाही. पापाचं पुण्य करून घेता यावं म्हणून कुणी पहाटे चारला उठत नाही. आपण मोडतो आहोत तो नियम खराच आहे, हे स्वतःला दर आठवड्याला सांगायला मात्र माणूस उठेल.

विलोव्स्की राब्बी १९०३ साली स्वतःच पुन्हा अमेरिकेत आले आणि शिकागोचे मुख्य राब्बी झाले. वर्षभरही टिकले नाहीत. पुढे पॅलेस्टाइनमधल्या सफेदला गेले, तिथेच १९१३ साली वारले. पणजोबा मशीनवर बसत राहिले. शिलाई कामगारांच्या युनियननं आठवड्याचे पाच दिवस मिळवले, तोवर ते साठीला आले होते.