गाव रिकामं करताना

रजेच्या अर्जात कारणाचा एक रकाना असतो. तिथे 'फॅमिली फंक्शन' लिहिलं की पुढे कुणी विचारत नाही. मी 'गावपळण' लिहिलं. आमच्या मॅनेजरांना मराठी येत नाही, त्यामुळे त्यांनी चॅटवर विचारलं, सण आहे का? नाही. लग्न? नाही. मग काय? 'आमचं अख्खं गाव तीन दिवस गाव सोडून जातं.' का? 'देवाचा कौल झाला म्हणून.' मग तू देव मानतोस का, असा प्रश्न आला. नाही मानत. मानत नाहीस तर जातोस कशाला? यावर मी एक इमोजी पाठवून सुटलो. रजा मंजूर झाली, पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि तो वाटतो तेवढा सोपा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की आचरा लागतं. तिथे रामेश्वराचं जुनं देऊळ आहे. काही वर्षांनी एकदा, थंडीच्या दिवसांत, रामेश्वराला कौल लावून गावपळण ठरते. ठरलेल्या दिवशी सगळं गाव वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. हिंदू निघतात तसे मुसलमानही निघतात. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही. लोक हद्दीच्या पलीकडे, खाडीच्या काठाने वगैरे, चिवारीच्या काठ्या आणि माडाच्या झावळ्यांच्या राहुट्या बांधून राहतात. चौथ्या दिवशी परत कौल. देवाने होकार दिला तर घरी, नाही दिला तर मुक्काम वाढला. मालवण तालुक्यातच चिंदर आणि वायंगणीलाही गावपळण होते, वैभववाडीत शिराळ्याला होते.

का जायचं, याची उत्तरं तुम्हाला व्हॉट्सॲपवर मिळतीलच. जुनं उत्तर असं की त्या तीन दिवसांत गाव भुताखेतांचं असतं. नवं उत्तर 'वैज्ञानिक' असतं: हवा शुद्ध होते, जमिनीला विश्रांती मिळते, आपले पूर्वज किती दूरदृष्टीचे होते पाहा. तिसरं उत्तर युद्धाचं: शत्रू आला तर गाव कसं रिकामं करायचं याची ही रंगीत तालीम. मला यातलं दुसरं उत्तर सगळ्यात जास्त खटकतं. तीन दिवस चुली विझवून हवा शुद्ध होत असती तर ती चौथ्या दिवशी दुपारी परत बिघडते. आणि कारण खरोखर पर्यावरणाचं असतं तर तारीख ठरवायला देव कशाला लागला असता? भुतांचं उत्तर निदान प्रामाणिक आहे. माझ्या आजीला मी एकदा विचारलं होतं, आजी, गावात खरंच भुतं येतात का गं? ती म्हणाली, "माका काय ठावक? तेव्हा मी थंय नसतंय." गावपळणीबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही लेखापेक्षा हे वाक्य मला जास्त तर्कशुद्ध वाटतं.

तर मग, विश्वास नसताना भाग घेणं म्हणजे खोटं वागणं आहे का?

इंजिनिअरिंगला आम्हाला पास्कल नावाची एक भाषा इतिहासापुरती शिकवली होती. ज्याच्यावरून ते नाव ठेवलं तो सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती श्रद्धेबद्दलही लिहून गेला. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये छापलं गेलं. ज्याला विश्वास ठेवायचाय पण ठेवता येत नाही, त्याला तो सल्ला देतो की विश्वास असल्यासारखं वागायला लाग, तीर्थ घे, प्रार्थनेला बस, विश्वास मागाहून येईल. माझ्या बाबतीत हे घडलेलं नाही. लहानपणापासून मी जितक्या वेळा रामेश्वरासमोर हात जोडले असतील तितक्या वेळा विश्वास यायचा तर कधीच आला असता. पण पास्कलचं एक गृहीतक मला बघण्यासारखं वाटतं. त्याच्या मते कृती ही विश्वासाकडे जाणारी पायरी आहे. आचऱ्यात कृती हाच मुक्काम आहे. राहुटी बांधताना तुझा देवावर विश्वास आहे का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की कोयता आणलास का.

यहुद्यांचा सुक्कोत नावाचा सण आहे. सात दिवस फांद्यापानांचं छप्पर घातलेल्या मांडवात राहायचं, जेवायचं, पूर्वज वाळवंटात भटकत होते त्याची आठवण म्हणून. छप्पर असं विरळ हवं की रात्री चांदण्या दिसाव्यात. आपल्याच कोकणात, रायगडच्या किनाऱ्यावर, मराठी बोलणारे बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यामुळे हा सण तसा परकाही नाही. तिथेही मांडवात बसणाऱ्याचं मन कुणी उघडून बघत नाही. तो मांडवात बसला की नाही, एवढंच बघतात. म्हणून मी खोटं बोलतो असं मला वाटत नाही. मला कुणी साक्ष मागितलेली नाही. शेजारच्या राहुटीची आडवी काठी धरायला मात्र मागितली होती.

इथवर मला माझं उत्तर पटतं. अडचण याच्या पुढे आहे.

मी स्वखुशीने गेलो. माझ्यासारख्या, पुण्यात एसीत बसून कोड लिहिणाऱ्या माणसाला खाडीकाठी तीन रात्री म्हणजे रिसॉर्टच. पण एखाद्याला जायचंच नसेल तर? भुतं मानत नाही, देव मानत नाही, राहुटीत थंडीने सांधे धरतात, मी माझ्या घरात राहणार, असं कुणी म्हटलं तर?

मेख अशी आहे की गावपळण शंभर टक्क्यांचीच असते. नव्वद टक्के लोक आषाढी करतात आणि दहा टक्के करत नाहीत, तर आषाढीचं काही बिघडत नाही. पण एका घरात दिवा लागला की ते गाव रिकामं राहिलं नाही. मग बाकीचे हजारो लोक नुसतेच सहलीला आलेले ठरतात. शांतता पाळायला सगळे लागतात आणि मोडायला एक फोन पुरतो, तसंच हे. म्हणजे एकाचं स्वातंत्र्य जपायचं तर बाकी सगळ्यांची गोष्ट मोडते, आणि सगळ्यांची गोष्ट जपायची तर त्या एकाला घराबाहेर काढावं लागतं. यातलं कुठलंही टोक मला सहज उचलता येत नाही.

इंडोनेशियातल्या बाली बेटावर हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर आहे. तिथल्या हिंदूंच्या शक नववर्षाला न्येपी म्हणतात. चोवीस तास आग नाही, दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही. आपण बाहेर पडतो, ते आत बसतात, एवढाच फरक. विमानतळ बंद असतो. गावोगावचे पारंपरिक रखवालदार रस्त्यावर फिरून कुणी बाहेर आलंय का ते बघतात. पर्यटकांनाही हॉटेलातच बसावं लागतं. 2018 मध्ये तर मोबाइल इंटरनेटही बंद ठेवलं. तिथे 'सगळे' हे सक्तीने सगळे केलेले आहेत. ती शांतता अपूर्व असेल, पण ज्या शांततेला पहारा लागतो तिचं मला कौतुक कमी वाटतं.

आचऱ्यात पहारा नाही. आचऱ्यात लोक काय म्हणतील ते आहे. आणि कोकणातल्या गावात राहिलेल्या कुणालाही विचारा, यातलं जास्त कडक काय.

कायद्याचं बघायचं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गावपळण बसत नाही. तो माणसाला इजा करणाऱ्या, लुबाडणाऱ्या, अघोरी प्रथांसाठी आहे, आणि तीन दिवस झावळ्यांखाली झोपणं हे काही अघोरी नाही. माझ्या प्रश्नाला जवळचा कायदा दुसराच आहे: सामाजिक बहिष्काराविरुद्धचा. महाराष्ट्राने तो 2016 मध्ये केला, 2017 मध्ये लागू झाला, आणि वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. म्हणजे न गेलेल्या घराशी गावाने नंतर व्यवहार तोडला तर गुन्हा होईल. पण त्या घरच्या लग्नात वाडीतले चार हात कमी आले, तर तो गुन्हा होत नाही. आणि आमच्याकडे नाराजी अशीच कळवतात.

परंपरेने स्वतःच काही फटी ठेवल्यात, हेही खरं. तुम्ही राहुटीतच राहा असं गाव म्हणत नाही, फक्त हद्दीत राहू नका म्हणतं. आमच्या वाडीतली एक वहिनी दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आधीच कणकवलीला माहेरी गेली होती. काही जण पाहुण्यांकडे गेले, काही मालवणात. ही सोय चांगली आहे, पण ज्याचे पाहुणे आहेत आणि ज्याच्याकडे गाडी आहे त्याला ती अधिक चांगली आहे.

आमच्या घरी आजीचा प्रश्न होता. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवर आहे. मी घरात ठरवूनच बोललो होतो की आजीला हलवायचं नाही, मी तिच्यासोबत घरी राहतो, कोण काय म्हणतं ते बघू. मनातल्या मनात मी बहिष्काराच्या कायद्यापर्यंत पोचलोही होतो. आजीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे झिला, सगळो गाव भायर आणि आपण दोघांनी हय काय करूचा?" खाटेसकट टेम्पोत बसून ती निघाली. बाबांनी घराला कुलूप लावलं. गावपळणीत चोरी होत नाही असं ते दर वेळी सांगतात आणि दर वेळी कुलूप लावतात.

खाडीकाठचं वातावरण खरंच सुंदर होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. रात्री भजनं, दिवसा क्रिकेट, एरवी बांधावरून भांडणारे दोघे एका कंदिलाखाली पत्ते खेळताना. रेंज होती, पण चार्जिंग नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाडीतली झाडून सगळी पोरं मान वर करून बोलायला लागली. याचे रील तुम्ही पाहिले असतील.

रीलमध्ये जे येत नाही ते असं. आम्ही चौदा माणसं होतो. आई, काकी आणि माझी बारावीतली चुलतबहीण पहाटे चारला उठायच्या, कारण उजाडल्यावर बायकांना आडोसा उरत नसे. मग पलीकडच्या घरच्या विहिरीवरून पाणी. मग तीन दगडांची चूल, ओलसर लाकडं, चौदा माणसांचा चहा, पेज, दुपारचं जेवण, रात्रीच्या भाकऱ्या. घरात गॅस आहे, नळ आहे, मिक्सर आहे. ते सगळं कुलपाआड. पुरुषांनी घर सोडलं की त्यांची कामंही मागे राहतात. बायकांनी सोडलं की त्यांची कामं त्यांच्याबरोबर येतात आणि येताना दुप्पट होतात. 'गावाला विश्रांती मिळते' हे वाक्य मी तिथे तीन वेळा ऐकलं, तिन्ही वेळा पाटावर बसलेल्या माणसाकडून. मी भांडी घासायला घेतली तर काकी म्हणाली, ठेव रे, लोक बघतायत.

म्हणून जायचं नसेल तर काय, हा प्रश्न माझ्यासाठी आता त्या काल्पनिक नास्तिकाचा राहिलेला नाही. नास्तिक आपल्याकडे बहुतेक पुण्या-मुंबईत असतो आणि त्याला रजा मिळाली नाही एवढं कारण पुरतं. नाही म्हणायला ज्यांना खरोखर कारण आहे, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. कौल देवाला लावतात आणि त्याचा अर्थ मानकरी सांगतात. माझ्या अडाणी हिशेबाने कौलात एक चांगली गोष्ट आहे, की निर्णय कुठल्याही एका माणसाचा राहत नाही, त्यामुळे कुणी हरत नाही. पण त्याच कारणाने तक्रार करायलाही समोर कुणी उरत नाही. काकीने जाऊन सांगायचं कुणाला, रामेश्वराला?

तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर चुलतबहीण, परातीला राख लावता लावता, अगदी शांतपणे म्हणाली की पुढच्या गावपळणीला ती येणार नाही. माहेरी नाही, पाहुण्यांकडे नाही, घरातच राहणार, स्वतःच्या खोलीत. कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, गाव जाब विचारील. ती म्हणाली, विचारू दे. बाबा म्हणाले, पुढची येईल तेव्हा बघू, तोवर हिचं लग्न झालेलं असेल. त्यावर ती परात जरा जोरात आपटून उठली.

आजी झोपली असेल असं आम्हाला वाटत होतं. खाटेवरून आवाज आला, "एकटी ऱ्हवतलंस गो?"

"होय."

"मगे माझी खाट पण थंयच ऱ्हवांदे."

काका म्हणाले, आये, तू झोप बघू आता. ती झोपली नाही. मी बाजूच्या राहुटीत आडवा झालो तेव्हाही ती हळू आवाजात बहिणीला विचारत होती, रात्री लाइट चालू ठेवतलंस काय बंद.