भरपाई कुणाला?

लखनौच्या कैसरबागेतली सफेद बारादरी हल्ली लग्नांना आणि चिकनकारीच्या प्रदर्शनांना मिळते. नवाब वाजिद अली शाहची ही वास्तू 1857 नंतर अवधच्या तालुकदारांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या संघटनेकडे आली. आत बलरामपूरच्या दिग्विजयसिंहांचा पुतळा आहे. उठावात त्यांनी इंग्रजांना आसरा दिला आणि मोठी जहागीर कमावली. लखनौला आलेला माणूस नवाबीसाठी हळहळतो, तालुकदारांच्या पडक्या हवेल्यांसाठीही हळहळतो. त्यांच्या कुळांची आठवण या शहरात सहसा कुणाला होत नाही.

भरपाई कुणाला, हा कॅरिबियन देशांचा आजचा सवाल इथे विचारून पाहावासा वाटतो. त्यांच्या कॅरिकॉम या संघटनेने 2013 मध्ये नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. 1833 च्या कायद्याने ब्रिटनने गुलामगिरी उठवली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मळेवाल्यांना मिळाली. राबणाऱ्यांना छदामही नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज 2015 पर्यंत फिटत होतं! मग उसाच्या त्याच मळ्यांवर आपली माणसं करारावर मजुरीला, गिरमिटिया म्हणून गेली, 1838 पासून गयानाला, 1845 पासून त्रिनिदादला. पुढे बस्ती, गोंडा, फैजाबाद, गोरखपूर ही भरतीची हुकमी ठाणी झाली. गयानाचे नेते चेदी जगन यांचे आईवडील बस्तीकडचेच.

ती का गेली? दुष्काळ होते, दलालांच्या थापा होत्या. पण अवधमध्ये तालुकदारही होते. 1859 मध्ये लॉर्ड कॅनिंगने लखनौला दरबार भरवून त्यांना सनदा वाटल्या, आणि कूळ त्यांच्या मर्जीवर राहिलं. पट्टा नवा करायचा तर नजराणा, नाही दिला तर बेदखली. मालकाने हत्ती घेतला की कुळांवर ‘हथियावन’ बसे, मोटार घेतली की ‘मोटरावन’. गाडी त्याची, पैसे यांचे.

त्रिनिदादमध्ये जन्मलेले लेखक व्ही. एस. नायपॉल 1988-89 च्या सुमारास लखनौला आले. महमूदाबादच्या राजांच्या मुलाची कैफियत त्यांनी मन लावून ऐकली, 1990 च्या पुस्तकात लिहिली. ज्या घराण्याचं वैभव गेलं त्याचा वारस बोलतोय आणि त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटियाचा नातू ऐकतोय. या योगायोगाचं नायपॉलनी आणखी काही करायला हवं होतं, असं मला वाटत राहतं.

ते त्यांच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने केलं होतं. श्रीधर बळवंत जोधपूरकर, ग्वाल्हेरकडचा ब्राह्मण. गिरमिटिया म्हणून गेला तो कॅरिबियनला नव्हे, फिजीला. पण ऊस तोच, करार तोच. भरतीवाल्यांना ब्राह्मण नको असत म्हणून नाव बदलून रामचंद्र झाला. परतल्यावर अवधमध्ये तुलसीरामायण सांगत गावोगाव फिरला आणि 1920 मध्ये प्रतापगडची शेकडो कुळं घेऊन थेट अलाहाबादेत जवाहरलाल नेहरूंना गाठलं. नेहरू खेड्यांत गेले ते त्यानंतर. मळ्यावरचा मुकादम ज्याने सोसला, त्याला तालुकदाराचा कारिंदा ओळखायला वेळ लागला नाही.

बाबा रामचंद्र 1950 मध्ये वारले. त्याच सुमारास झालेला उत्तर प्रदेशचा जमीनदारी निर्मूलन कायदा 1952 मध्ये अंमलात आला. फार मोठं काम होतं ते, यात शंका नाही. पण हिशेब पाहावा: जमीनदाराला निव्वळ उत्पन्नाच्या आठपट भरपाई, आणि कुळाला जमीन विकण्यासकट पूर्ण हक्क हवा असेल, तर त्याने खंडाच्या दहापट रक्कम सरकारात भरायची.