घरून निघतांना

ऋतूंचा फेरा जसा आभाळांत दिसतो, तसाच तो गांवच्या रस्त्यावरहि दिसतो. मृग नक्षत्र लागलें म्हणजे माणसें शेताकडे वळतात. दिवाळी उलटली म्हणजे घरांना कुलुपें लागतात. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस थोडा. त्यामुळें बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात, व हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' गणला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडल्यावांचून सुटका नसते.

अशाच एका संध्याकाळीं आमच्या मंडळींतील एक भगिनी निघण्यापूर्वीं मजकडे आली. तिनें विचारलें, "पाळकसाहेब, सासूबाईंना व धाकट्या पोरीला मागें ठेवून जातों. देवापुढें हें पाप होतें का?" मीं प्रार्थना केली व पोटासाठीं जाणें हें पाप नव्हे असें सांगितलें. उत्तर खरें होतें. परंतु तें देण्याचा अधिकार मला होता काय?

दुसऱ्या दिवशीं मी त्या घरीं गेलों. कणगींत जोंधळा भरलेला, सरपण रचलेलें, पाणी आणून देण्याविषयीं शेजारणीस सांगितलेलें, औषधाच्या गोळ्या सकाळच्या व रात्रीच्या निरनिराळ्या पुड्यांत बांधलेल्या. म्हातारी म्हणाली, "रोज रात्रीं फोन करीन म्हणाली. तेवढ्यानें डोळा लागतो." तेथें बसल्या बसल्या मला माझी आई आठवली.

सेवेच्या निमित्तानें मी सात गांवें फिरतों. ज्या वर्षीं आईची दृष्टि मंदावली, त्या वर्षीं मी सभा, सुगीचा सण, नाताळची भजनें ह्यांत गुंतलों होतों. आईचा सारा भार पत्नीवर पडला. तुला झेपेल काय, असें मीं तिला एकदांहि विचारलें नाहीं. मी निघतांना आई विचारी, "परत कधीं?" मी म्हणें, "प्रभूची इच्छा असेल तेव्हां." हें उत्तर मला भक्तीचें वाटे, वस्तुतः तें आळसाचें होतें. ती गेली तेव्हां मी दुसऱ्या गांवीं होतों.

कोणी म्हणेल, आईबापांवरील प्रीति प्रभूवरील प्रीतीच्या वर नसावी अशी शिकवण मत्तयाच्या १० व्या अध्यायांत आहे ना? आहे. परंतु मार्काच्या ७ व्या अध्यायांत तोच प्रभु, देवाला वाहिलें ह्या सबबीवर आईबापांचें देणें टाळणाऱ्यांस दोष देतो. आणि वधस्तंभावर असतां त्यानें आपल्या आईला एका शिष्याच्या हवालीं केलें. त्याहून मोठ्या कामास आपणांपैकीं कोण निघाला आहे? त्यानें काम सोडलें नाहीं, व आईलाहि सोडलें नाहीं.

तेव्हां जाण्यांत पाप नाहीं व घरीं बसण्यांत पुण्य नाहीं. आपल्या जाण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, आणि त्या खांद्यास आपण विचारलें काय, हा खरा प्रश्न आहे. जो पोटासाठीं जातो त्याला मागें काय राहिलें हें क्षणोक्षणीं टोचतें. जो धर्मकार्यासाठीं जातो त्याला तें विसरण्यास एक पवित्र निमित्त मिळतें. म्हणून त्यानें अधिक सावध असावें.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. मधल्या वियोगांत आपण काय सोसलें, तें त्या माउलीनें 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. टिळकांचीं भजनें आपण प्रेमानें गातों. मागें राहिलेल्या त्या बाईचें सोसणेंहि आपण स्मरावें.

प्रिय बंधुभगिनींनो, तुमच्या गांवांत कुलूप लागलेल्या घरांशेजारीं कोणी म्हातारें, कोणी लेंकरूं राहिलें असेल. उपासना आटोपल्यावर त्यांच्या दारीं जा. आणि आपण स्वतः निघाल, तेव्हां परतण्याचा वार सांगून निघा.

मी आतां तसें करितों, व सांगितलेला वार पाळतों. माझ्या आईला मात्र तो वार कधीं कळला नाहीं.